मला उकडतंय!

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. ठाण्यात मी अमराठी मोठ्यांना मराठी शिकवते आणि दर मे महिन्यात वर्गातून हाच प्रश्न येतो: 'गरम होतंय' आहे ना, मग हे 'उकडतंय' कशाला? आणि उकाडा शब्द आला कुठून?

मागे एक गृहस्थ रुमालाने मान पुसत वर्गात शिरले आणि म्हणाले, "मॅडम, मी फार उकडतोय." मी विचारलं, "काय, बटाटे?" बिचारे गोंधळले. पण सगळी गंमत तिथेच आहे. बटाटे मी उकडते. उकाड्यात मात्र मी काहीच करत नाही, 'मला' उकडतं. म्हणजे आपणच बटाटे.

शब्द स्वयंपाकघरातलाच आहे. संस्कृतात क्वथ् म्हणजे उकळणं. त्यापासून क्वाथ, त्याचा मराठीत काढा. कढ आणि कढी याच घराण्यातल्या. त्या क्वथ्‌च्या आधी उत् हा उपसर्ग लागला, प्राकृतातून झिजत आला आणि उकडणं झालं. उकडीचे मोदक, कोकणातला उकडा तांदूळ, पातेल्यातली ताक घातलेली उकड, सगळी एकाच धातूची पोरं. उन्हाळा वेगळा: तो उष्णकाळ, त्याचा वाफेशी संबंध नाही.

मोदकपात्राचं झाकण उचला. चाळणीवर मोदक, खाली पाणी रटरटतंय, आणि झाकणाच्या आतल्या बाजूने थेंब ओघळताहेत. मे महिन्यातली मुंबई हुबेहूब तशी असते. पारा 33-34 च्या पुढे फारसा जात नाही, नागपूर तेव्हा 45 ला टेकलेलं असतं. तिकडून आलेले पाहुणे आधी हसतात, "एवढंच?" दुसऱ्या दिवशी पंख्याखालून हलत नाहीत. नागपूरच्या कोरड्या हवेत घाम आला की उडून जातो आणि उडताना अंगातली उष्णता घेऊन जातो. इथे हवेतच इतकं पाणी, की घामाला जायला जागा नसते. तो पाठीवरून नुसता ओघळत राहतो, झाकणावरच्या थेंबासारखा. तिकडे माणूस भाजतो, इकडे उकडतो. मला तरी शब्द अगदी मोजून-मापून केल्यासारखा वाटतो.

पुस्तकी शब्द 'दमट' आहेच, पण तो बातम्यांतल्या हवामानाचा. घरात कपडे दमट राहतात, भिंत दमट होते. "मला दमट होतंय" कोणी म्हणत नाही.

आणि जूनच्या तोंडावर, ढग भरून येतात, पाऊस पडत नाही, झाडाचं पान हलत नाही, तेव्हा 'उकडतंय'सुद्धा कमी पडतं. तेव्हा माझी आई म्हणायची, "गदमदतंय गं." एवढं म्हणून ती ओट्यावरची मिठाची बरणी आपटायची, कारण पाणी सुटलेलं मीठ तळाला चिकटून बसलेलं असायचं.