सगळे रिपोर्ट नॉर्मल

गणपतीच्या आधी आमच्या लॅबमध्ये 'संपूर्ण तपासणी'ची ऑफर लागते. मुंबईचे चाकरमानी येतात, आईवडिलांना घेऊन येतात, लॅबचं भागतं. पुरुषांच्या पॅकेजात 'कॅन्सर मार्कर' म्हणून पीएसए ही रक्ताची टेस्ट घातलीय. पोस्टरवर सगळ्यात ठळक तेच.

ते वाचूनच तो आला असणार. पंचविशीचा, मालवणातच स्कुबाच्या बोटीवर कामाला. पावसाळ्यात धंदा बंद, त्यामुळे मोकळा. संध्याकाळी रिपोर्ट न्यायला आला. काउंटरवरच्या मुलीने सवयीने सांगितलं, "सगळं नॉर्मल आहे." पीएसए ०.६. तो खूश होऊन दारापर्यंत गेला, परत फिरला आणि मला हळूच म्हणाला, "काका, ह्येच्यात खालचा पण सगळा येता मां?"

आत नेऊन विचारलं. एका बाजूची गोटी सुपारीसारखी कडक झालेली, कित्येक महिने. दुखत नव्हती म्हणून तसंच चाललेलं. घरी कोणाला सांगणार?

पीएसए प्रोस्टेटचा, म्हणजे मूत्राशयाखालच्या ग्रंथीचा. वृषणाशी त्याचा काडीचा संबंध नाही. त्याचा विचार साधारण पन्नाशीपासून करायचा, आणि तिथेही लघवीचं इन्फेक्शन, नळी घातलेली असणं, वयानुसार वाढलेली ग्रंथी, कशानेही आकडा ४ च्या नेहमीच्या मर्यादेवर जाऊ शकतो. उलट वृषणाचा कॅन्सर मुख्यतः तरुणांचा, १५ ते ४० च्या दरम्यानचा. म्हणजे भलत्या वयाला भलत्या अवयवाची टेस्ट, आणि वर 'नॉर्मल'चा शिक्का. रिपोर्टचा अर्थ सांगणं टेक्निशियनचं काम नाही. मी एवढंच म्हणालो, "बाबा, त्या गोटीबद्दल हा कागद काहीच सांगत नाही. आत्ताच डॉक्टरकडे जा."

सोनोग्राफी झाली आणि तो सर्जनची चिठ्ठी घेऊन आला: ऑपरेशनआधी एएफपी, बीटा एचसीजी, एलडीएच, म्हणजे वृषणाच्या कॅन्सरमध्ये रक्तात वाढू शकणाऱ्या तीन गोष्टी. रक्त मीच काढलं. एलडीएच लाल पेशींमध्ये भरपूर असतं. सिरिंज जोरात ओढली, ट्यूब हलवली की पेशी फुटतात आणि आकडा खोटा चढतो. गुठळी नीट होईपर्यंत ट्यूब स्टँडला ठेवली, मग सेंट्रिफ्यूज मशीनमध्ये फिरवली. सीरम, म्हणजे गुठळीवर उरणारं पाणी, स्वच्छ पिवळं, लाल झाक नावाला नाही. एलडीएच आमच्याच मशीनवर लावलं. बाकीचं सीरम वेगळं करून बर्फाच्या डब्यातून कोल्हापूरला. अख्खी ट्यूब तशीच घाटातून पाठवणारे लोक मला माहीत आहेत. त्यांच्याबद्दल न बोललेलं बरं.

खरा तमाशा सॉफ्टवेअरचा. 'पुरुष' टाकलं की बीटा एचसीजी घेईना. 'लिंग तपासा' म्हणे. शेजारचा सहकारी "गोड बातमी हा काय?" म्हणून फिदीफिदी हसला, तो मुलगा पडद्यापलीकडेच बसलेला. दुसऱ्या दिवशी मोठ्या लॅबमधून फोन: नमुन्यांची अदलाबदल झालीय का? नाही झाली, म्हटलं, चिठ्ठी वाचा. गरोदरपणात वारेतून येणारं हे हार्मोन वृषणाच्या काही गाठीही बनवतात, हे तिथल्या माणसालाही सांगावं लागलं. रिपोर्ट आला तो गरोदरपणाच्या आठवड्यांचा तक्ता खाली छापूनच. त्याच्या वडिलांनी कागद दोनदा उलटापालटा केला आणि विचारलं, "ह्यो आमच्याच झिलाचो मां?"

एचसीजी वाढलेलं होतं, एएफपीही. शुद्ध सेमिनोमा हा वृषणाच्या कॅन्सरचा एक प्रकार एएफपी बनवत नाही, त्यामुळे तो वाढला की सर्जन निराळ्या प्रकारच्या गाठीचा विचार करतात. पण एएफपी यकृताच्या आजारातही चढतो. नुसत्या आकड्यावरून निदान होत नाही. गोटी काढून तपासली तेव्हाच नाव कळलं. ऑपरेशन जांघेतून झालं. त्यानंतर ठरावीक दिवसांनी नमुने येतायत. एचसीजी दीड दिवसात निम्मं होतं, एएफपीला त्यासाठी पाच ते सात दिवस लागतात. सर्जन बघतात तो हा उतार. उतरायचं थांबलं तर आत कुठेतरी काही उरलंय. आतापर्यंत उतार ठीक आहे.

तो दारातून परत फिरला नसता तर तो ०.६ चा कागद घरी फाइलला लागला असता. हे काही डोक्यातून जात नाही. 'सगळं नॉर्मल' ऐकून किती जण तसेच बाहेर पडले असतील?

मालकांना म्हटलं, तरुणांच्या पॅकेजातून पीएसए काढा. निदान 'गाठ लागत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा' एवढी ओळ तरी घाला. म्हणाले, "कॅन्सर शब्द काढला तर पॅकेज घेणार कोण?" दिवाळीचं पोस्टर छापायला गेलंय. पीएसए त्यात आहेच, ओळ नाही. काउंटरवरच्या मुलीला मात्र मी बजावलंय: 'सगळं नॉर्मल' म्हणायचं नाही, 'या टेस्ट नॉर्मल' म्हणायचं. मालकांना ते अजून कळलेलं नाही.