आयर्विनचं पाणी आणि नळीचा करंट

सोमवार, सांगली

अवकाशातून येणारे विश्वकिरण मोजायची नळी घरी बनवली, पण पावसात तिची हाय व्होल्टेजची चाचणी घेऊ नये हा नियम पाळला, तर इथे वर्षातले चार महिने हात बांधून बसावं लागेल. चाचणी घ्यायचीच, फक्त आर्द्रता मोजणारा हायग्रोमीटर टेबलावर हवा. ६० टक्क्यांच्या वरचं वाचन असेल, तर आकड्यांसमोर तशी नोंद करायची. नाहीतर दिवाळीनंतर वही उघडल्यावर नळी सुधारली असं वाटतं, आणि सुधारलेली असते ती हवा.

नळी साधीच आहे: अ‍ॅल्युमिनियमची, आतला व्यास ३० मिलिमीटर, लांबी १ मीटर. मधोमध ५० मायक्रॉनची टंगस्टनची तार, वर सोन्याचा मुलामा. सर्न प्रयोगशाळेच्या अ‍ॅटलास प्रयोगातल्या, म्यूऑन नावाचे कण पकडणाऱ्या नळ्या जवळपास याच जाडीच्या. त्या ९३ टक्के आरगॉन आणि ७ टक्के कार्बन डायऑक्साइड या मिश्रणावर, ३ बार दाबाखाली, ३०८० व्होल्टवर चालतात. इथे मिश्रण तेच, दाब मात्र बाहेरच्या हवेइतकाच, म्हणून व्होल्टेजही बरंच कमी लागतं.

तारेचा मुलामा शोभेचा नाही. टंगस्टन सोल्डर धरत नाही, सोनं धरतं. पण सोल्डरिंगची इस्त्री जास्त वेळ टेकवली की सोनं सोल्डरमध्ये विरघळतं, आणि जोड दिसायला चकचकीत पण आतून सुटा राहतो. दोन सेकंदांत काम उरकायचं. सोल्डरला टोक राहिलं तर ते कापून गोल करायचं, कारण कोरोना, म्हणजे टोकापासून गॅसमध्ये होणारी विजेची गळती, तिथूनच सुरू होतो. फ्लक्स (सोल्डरसोबतचं रसायन) आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचा आणि त्यानंतर नळीच्या टोकाच्या इन्सुलेटर प्लगला उघडं बोट लावायचं नाही.

तारेचा ताण १०० ग्रॅम. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तार कानाने लागते. ही तार नळीच्या पोटात असते, ऐकू येणार नाही. पण गणित तेच: लांबी, ताण आणि वजन यांवरून कंपनसंख्या ठरते. बाहेरून चुंबक धरायचा, तारेतून ऑडिओ जनरेटरचा बारीक करंट सोडायचा आणि वारंवारता हळूहळू फिरवायची. या तारेचा सूर साधारण ८० हर्ट्झला सापडतो आणि मधला झोळ ४७ मायक्रॉनच्या आसपास येतो. ७० हर्ट्झला सापडला तर ताण ७६ ग्रॅमवर आलाय, म्हणजे तार कुठेतरी सरकली. ती बदलायची, ओढून पुन्हा बसवण्याच्या फंदात पडू नये.

मंगळवार

आधी हवेतच ५०० व्होल्ट, मग १०००. ही परीक्षा फक्त शॉर्ट आणि पृष्ठभागावरची गळती पकडते. हवेतला ऑक्सिजन इलेक्ट्रॉन गिळतो, त्यामुळे हवेत शांत राहिलेली नळी आरगॉनमध्येही शांत राहील याची खात्री नाही.

करंट मोजायला महागडं यंत्र लागत नाही. नळीचं अंग जमिनीपासून वेगळं ठेवायचं आणि साध्या डिजिटल मल्टिमीटरमधून अर्थिंग करायचं. मीटरचा आतला रोध बहुधा १० मेगओहम असतो, म्हणजे १० मिलिव्होल्ट दिसले की १ नॅनोअँपिअर. मीटरला समांतर टेस्टरमधला निऑन दिवा लावायलाच हवा. मीटरची वायर निसटली, तर नळीचं अंग हाय व्होल्टेजला चढतं आणि ते दिसत नाही.

सांगलीत पुराच्या दिवसांत आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी विचारली, की फुटांच्या आकड्यापाठोपाठ लगेच दुसरा प्रश्न येतो: चढतंय की उतरतंय? नळीच्या करंटला नेमका तोच प्रश्न विचारायचा असतो. वहीत ‘१५०० व्होल्ट, ४ नॅनोअँपिअर’ एवढंच लिहिलं तर ती नोंद अर्धीच.

व्होल्टेज दुप्पट केल्यावर करंटही दुप्पट झाला, तर ती पृष्ठभागावरची गळती. ओलावा, फ्लक्स, बोटांचे ठसे. प्लग पुसून ड्रायरने कोमट हवा द्यायची, तासाभरात फरक दिसतो. ठरावीक व्होल्टपर्यंत काहीच नाही आणि मग एकदम उसळ्या, तर टोक किंवा कण. गळिताच्या हंगामात पाचट जाळल्याची काळी भुरभुर खिडकीतून थेट टेबलावर येते, तिचा एक तुकडा नळीत गेला तरी पुरे. व्होल्टेज स्थिर असताना करंट हळूहळू उतरत असेल, तर नळीला हात लावू नये. इन्सुलेटर स्थिरावतोय किंवा धूळ जळतेय, त्याला वेळ द्यायचा. व्होल्टेज स्थिर असताना चढत असेल, तर त्याच क्षणी व्होल्टेज २०० व्होल्टनी खाली.

विश्वकिरणांमुळे वाहणारा खरा करंट तर पिकोअँपिअरच्या, म्हणजे नॅनोअँपिअरच्या हजाराव्या भागाच्या घरात असतो. म्हणजे मीटरवर दिसणारा एकूण एक नॅनोअँपिअर आपल्याच कामातल्या दोषाचा.

बुधवार

गॅस. कुपवाडला फॅब्रिकेशनवाल्यांकडे वेल्डिंगचं आरगॉन-कार्बन डायऑक्साइड मिश्रण सहज मिळतं, पण त्यात कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण बहुधा जास्त असतं आणि व्होल्टेजही तेवढं वर जातं. सरावाला चालेल, आकडे जुळवायला नाही. नुसतं आरगॉन तर नकोच. उत्तेजित झालेल्या आरगॉनच्या अणूंतून निघालेला अतिनील प्रकाश भिंतीवर आपटून नवे इलेक्ट्रॉन काढतो आणि ठिणगी थांबतच नाही. तो प्रकाश गिळायलाच कार्बन डायऑक्साइड. घरच्या सिलिंडरमधला गॅस हेच काम करेल असं कुणाला सुचलं, तर त्याला खोलीबाहेर काढावं.

नळीत ०.७ लिटर गॅस मावतो. मिनिटाला ५० मिलिलिटर या वेगाने नळीतला गॅस दहा वेळा बदलायला जवळपास अडीच तास. पाच वेळांवर भागवलं, तर आत ०.७ टक्के हवा उरते, म्हणजे ऑक्सिजन चौदाशे भाग प्रति दशलक्ष. दहा वेळांनंतर तो दहा भागांच्याही खाली येतो. हा घाईचा मामला नाही.

पाइप तांब्याचा किंवा नायलॉनचा घ्यावा. सिलिकॉनची मऊ नळी हाताला बरी वाटते, पण तिच्यातून पाण्याची वाफ आणि ऑक्सिजन आत येतात. सिलिकॉन सीलंट, सिलिकॉन ग्रीस, बबलरमध्ये (गॅसचे बुडबुडे दाखवणाऱ्या बाटलीत) सिलिकॉन तेल, तिन्ही वर्ज्य. सिलिकॉनचा थर कॅथोडवर, म्हणजे नळीच्या आतल्या भिंतीवर बसला की त्यावर धन प्रभार साठतो आणि तो धातूतून इलेक्ट्रॉन खेचत राहतो. मग किरणांचा स्रोत काढून घेतला तरी करंट चालूच राहतो. हा १९३६ सालचा माल्टर परिणाम. एकदा जडला की नळी बहुधा गेलीच.

गुरुवार

आता गॅसमध्ये व्होल्टेज चढवायचं: १००० व्होल्टपर्यंत १०० च्या पायऱ्या, पुढे ५० च्या, प्रत्येक पायरीवर ५ मिनिटं. ट्रिप (सप्लाय आपोआप बंद पडण्याची मर्यादा) ५०० नॅनोअँपिअरला. १६०० व्होल्टला तारेच्या पृष्ठभागाशी सेंटिमीटरला १०० किलोव्होल्ट इतकं विद्युत क्षेत्र तयार होतं, भिंतीशी मात्र जेमतेम १६७ व्होल्ट. सगळा खेळ तारेला चिकटलेल्या काही डझन मायक्रॉनमध्ये. इथून पुढे साधारण दर ९० व्होल्टला गुणन (गॅसमध्ये एका इलेक्ट्रॉनचे किती होतात ते) दुप्पट होतं, म्हणून ५० ची पायरीसुद्धा लहान नाही.

दुसऱ्या गावचे आकडे तसेच उचलू नयेत. सांगली समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंच, हवेचा दाब सहाएक टक्के कमी. त्याच व्होल्टेजला मुंबईपेक्षा इथे गुणन सुमारे ४० टक्के जास्त. खोली २५ वरून ३५ अंशांवर गेली तर आणखी २० टक्के. दाब आणि तापमान न लिहिलेली पठाराची (व्होल्टेज वाढवूनही मोजणी जवळपास स्थिर राहते त्या भागाची) आलेखरेषा फाडून टाकली तरी चालेल.

मोजणीला विश्वकिरण पुरतात: चौरस सेंटिमीटरला मिनिटाला साधारण एक म्यूऑन, म्हणजे या नळीतून सेकंदाला पाचएक. किरणोत्सारी लोह-५५ चे ५.९ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे क्ष-किरण अ‍ॅल्युमिनियमच्या भिंतीतच अडकतात, त्यासाठी पातळ खिडकी लागते, शिवाय परवानगीही. उटीच्या ग्रेप्स-३ या विश्वकिरण प्रयोगाच्या मूळ म्यूऑन दुर्बिणीत अशाच तत्त्वावरचे ३७१२ काउंटर आहेत, ६ मीटर लांबीचे, ९० टक्के आरगॉन आणि १० टक्के मिथेन भरलेले. तिथेही मोजतात ते म्यूऑनच.

रात्रभर व्होल्टेज ठेवायचं असेल तर एकच गोष्ट आधी तपासावी: वीज जाऊन आल्यावर सप्लाय आपोआप पूर्ण व्होल्टला चढतो का? चढत असेल तर ठेवू नये. सकाळी बंद करताना नॉब शून्यावर, पाच मिनिटं थांबायचं, मग अर्थिंगची काठी कपॅसिटरला टेकवायची. गॅस त्यानंतरच बंद.