सी-डिफचा रिपोर्ट आणि अडलेली खोली: माझा अनुभव

जे अजून डोक्यातून जात नाही ते आधी सांगते. सी-डिफ हा अँटिबायोटिकनंतर जुलाब लावणारा, एकाकडून दुसऱ्याकडे पसरणारा आतड्यातला जंतू. त्याचा संशय आल्यापासून वेगळी खोली मिळेपर्यंत तीन दिवस गेले. त्या तीन दिवसांत आजी चार जणींच्या खोलीत होत्या आणि चौघींना मिळून संडास एकच होता.

मी नर्स, आणि आजी माझ्या वॉर्डातल्या खुब्याच्या ऑपरेशनच्या पेशंट. जखम कोरडी होती, वॉकर धरून दारापर्यंत चालायला लागल्या होत्या. मध्येच छातीत कफ झाला म्हणून सेफॅलोस्पोरिन हे अँटिबायोटिक सुरू झालं आणि सहाव्या दिवशी सकाळपासून जुलाब. माझ्या ड्युटीत दुपारी बारापर्यंत तीन वेळा, अगदी पाण्यासारखे. 24 तासांत तीन किंवा जास्त वेळा पातळ शौच, नुकतंच घेतलेलं अँटिबायोटिक आणि दुसरं कारण दिसत नाही, एवढं जुळलं की सी-डिफची तपासणी पाठवायची. फक्त त्याआधी औषधांचा चार्ट दोन दिवस मागे उलटून बघा. रेचक दिलेलं असेल तर जुलाब त्याचेही असू शकतात. मी बघितलं, दिलेलं नव्हतं.

लगेच बेड देणाऱ्या टेबलावर फोन लावला. एक स्वतंत्र खोली रिकामी होती, सकाळीच मी तिच्या दारावरून गेले होते. उत्तर आलं, "रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की कळवा सिस्टर, लगेच देतो."

इथे जे अडलं ते तीन दिवस सुटलं नाही.

खरं तर संशय आला त्याच क्षणी पेशंटला वेगळं ठेवायचं असतं, रिपोर्टसाठी थांबायचं नसतं. निगेटिव्ह आला तर खोली परत देता येते, पण पसरलेला जंतू परत गोळा करता येत नाही. हे मी फोनवर सांगितलं, डॉक्टरांनाही बोलायला लावलं. टेबलाचं उत्तर बदललं नाही.

मग सगळी भिस्त रिपोर्टवर. सॅम्पल सव्वाबाराला घेतलं. फॉर्म भरताना संगणकात तपासणीच सापडेना, कारण आम्ही शिकलो तेव्हा या जंतूचं नाव क्लॉस्ट्रिडियम होतं आणि 2016 पासून ते क्लॉस्ट्रिडिऑइडिस झालंय. त्यात वीस मिनिटं गेली. डबी काउंटरवर ठेवली आणि वॉर्डबॉय नेहमीच्या फेरीत बाकीच्या सॅम्पलबरोबर घेऊन गेला. लॅबमध्ये पोचली पाचला. म्हणजे पावणेपाच तास ती डबी नुसती बाहेर होती, त्यातला बराच वेळ खिडकीच्या उन्हात.

दुसऱ्या दिवशी दुपारी रिपोर्ट आला: जीडीएच पॉझिटिव्ह, टॉक्सिन निगेटिव्ह. टेबलावरच्या माणसाने शेवटचा शब्द वाचला आणि म्हणाला, "निगेटिव्ह आहे की."

निगेटिव्ह नव्हता तो. जीडीएच हे त्या जंतूचं एन्झाइम. ते सापडलं याचा अर्थ जंतू बहुधा आतड्यात आहे. टॉक्सिन म्हणजे तो जे विष सोडतो ते, आजार त्याच्यामुळे होतो. आणि हे टॉक्सिन फार नाजूक असतं. खोलीच्या तापमानाला दोन तासांत इतकं नासू शकतं की तपासणीत दिसतही नाही. सॅम्पल लगेच पोचणार नसेल तर 2 ते 8 अंशांवर फ्रीजमध्ये ठेवायचं. मला यातलं अर्धंच माहीत होतं, हे लिहितानाही वाईट वाटतं. रक्ताच्या नळीसाठी आम्ही पळतो, लघवीचं सॅम्पल फार वेळ ठेवायचं नाही हे पाठ असतं, पण शौचाच्या डबीची घाई कुणालाच वाटत नाही.

त्याच संध्याकाळी दुसरं सॅम्पल पाठवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी डबी परत आली, झाकणावर आडवी चिकटवलेली पट्टी: "सात दिवसांच्या आत पुन्हा, नाकारले." ती पट्टी अजून डोळ्यांसमोर आहे, एक कोपरा दुमडलेला, आत ते पिवळसर पाणी तसंच. नियम चुकीचा नाही. पुन्हा पुन्हा तपासणी केली की खोटे पॉझिटिव्ह वाढतात. पण आमचं पहिलं सॅम्पलच वाया गेलेलं होतं, आणि हे लॅबच्या खिडकीवर ऐकून घ्यायला कुणी नव्हतं. मी पुन्हा वॉर्डात आले तर आजींच्या शेजारच्या बाई पोट धरून संडासाकडे निघालेल्या.

तेव्हा मात्र मी रजिस्टर उचललं आणि थेट मायक्रोबायोलॉजीच्या डॉक्टरांसमोर जाऊन उभी राहिले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "डबीवर सॅम्पल घेतल्याची वेळ कुठे आहे?" नव्हती, पण रजिस्टरमध्ये होती, माझ्या अक्षरात, सव्वाबारा. त्यांनी त्यांची पोचल्याची नोंद शेजारी ठेवली आणि म्हणाल्या, "मला पहिल्याच दिवशी फोन करायचा. दोन्ही चाचण्या जुळत नसतील तर पीसीआर करता येतो." नवं सॅम्पल घ्यायची परवानगी तिथेच दिली. ते मी कुणाच्या हाती दिलं नाही. बर्फाच्या पॅकबरोबर डबीत घालून स्वतः घेऊन गेले, दहा मिनिटांत. संध्याकाळी टॉक्सिन पॉझिटिव्ह. सात वाजता खोली मिळाली. आजींचा पलंग ढकलताना माझे हात थरथरत होते, दमल्यामुळे नव्हे, रागाने.

शेजारच्या बाईंनाही पुढे तेच निघालं. ते आजींकडूनच गेलं असं मी सिद्ध करू शकत नाही. पण संडास एक होता आणि कमोडची खुर्ची एक होती.

त्या खुर्चीबद्दल सांगायचं राहिलंच. ती आम्ही रोज पुसत होतो. खोली मिळाल्यावर मी ती उलटी केली, तर हाताच्या दांड्याखाली, स्क्रूभोवती वाळलेला डाग. हा जंतू बीजाणू, म्हणजे स्वतःची टणक कवचातली रूपं, बनवतो आणि ते पृष्ठभागावर महिनोन्महिने टिकतात. आधी साबणाच्या पाण्याने घाण काढायची, कारण घाणीवर ब्लीचचा जोर उतरतो. मग 5 टक्क्यांचं हायपोक्लोराईट एक भाग आणि पाणी नऊ भाग, द्रावण रोज ताजं. ते दहा मिनिटं ओलं राहायला हवं. आमच्याकडे पंख्याखाली तीन-चार मिनिटांत सुकायचं, म्हणून सफाईच्या मावशी घड्याळ समोर ठेवून पुन्हा पुन्हा ओलं करायच्या. त्यांना एकदा कारण समजावलं, परत सांगावं लागलं नाही. वॉर्डातल्या कित्येक शिकलेल्यांपेक्षा त्यांनी ते काटेकोर पाळलं, आणि मला त्यांचा अभिमान वाटतो.

सगळ्यात मोठी चूक मात्र हातांची. सॅनिटायझरने हे बीजाणू मरत नाहीत. प्रत्येक पलंगाला बाटली लटकलेली, त्यामुळे आम्हा सगळ्यांना त्याची इतकी सवय की मीसुद्धा पहिल्या दिवशी आजींचं डायपर बदलून हातमोजे काढले आणि सॅनिटायझर चोळलं. साबण आणि वाहतं पाणीच लागतं, बीजाणू घासून धुऊन काढायचे असतात. हातमोजे घातले तरी काढल्यावर हात धुवायचेच. त्या आठवड्यात मी ड्युटीवर भेटेल त्याला विचारत होते, सी-डिफला सॅनिटायझर चालतं का? बहुतेकांनी विचारही न करता हो म्हटलं. यात दोष त्यांचा नाही. आम्हाला हात स्वच्छ करण्याचे पाच क्षण शिकवले जातात, हा अपवाद मात्र एखाद्या ओळीत उरकतात. आता आजींच्या दारावर आम्ही बाटली काढून "साबण-पाणी" अशी पाटी लावली. बेसिनसमोर उभ्या केलेल्या ट्रॉल्याही हलवायला लावल्या, नाहीतर पाटी वाचून माणूस जाणार कुठे?

औषधाचं काम त्या मानाने सरळ झालं. सी-डिफवरचं अँटिबायोटिक व्हॅन्कोमायसिन नव्या डॉक्टरांनी सवयीने शिरेतून लिहिलं होतं. शिरेतून दिलेलं आतड्यात पुरेसं पोचत नाही, ते तोंडानेच द्यावं लागतं: 125 मिलिग्रॅम, दिवसातून चार वेळा, दहा दिवस. कॅप्सूल नव्हत्या, तेव्हा फार्मासिस्टने इंजेक्शनची 500 मिलिग्रॅमची कुपी 10 मिलिलिटर पाण्यात विरघळवून दिली, प्रत्येक वेळी अडीच मिलिलिटर, आणि सिरिंजवर मोठ्या अक्षरात "तोंडावाटे" लिहिलं. रात्रपाळीने जुलाब थांबवायला लोपेरामाइड मागितलं होतं, ते मी डॉक्टरांना विचारून थांबवलं. आणि सेफॅलोस्पोरिनची अजून गरज आहे का हेही विचारलं. गरज नव्हती, बंद केलं. हे विचारणं आपलं काम नाही असं कुणी म्हटलं तरी विचारा.

चौथ्या दिवशी जुलाब थांबले. थांबल्यावर निदान 48 तास खोली सोडायची नाही. ते झाले आणि आजींना पुढच्या देखभालीसाठी हलवायचं ठरलं, तर त्याच टेबलावरून फोन: "निगेटिव्ह रिपोर्ट जोडा."

बरं झाल्याची खात्री करायला सी-डिफची तपासणी करत नाहीत. जुलाब थांबून आठवडे झाले तरी ती पॉझिटिव्ह येऊ शकते. या वेळी मी वाद घातला नाही, सॅम्पलही घेतलं नाही. मायक्रोबायोलॉजीच्या डॉक्टरांना फोन लावून तोच फोन टेबलावर जोडून दिला. आजी दुपारी निघाल्या. मुलीला मी कागदावर लिहून दिलं: पुढच्या दोन महिन्यांत पुन्हा जुलाब झाले तर लगेच कळवा, हा आजार उलटतो. कुठलंही अँटिबायोटिक देणाऱ्या डॉक्टरांना आधी सांगा की आईला सी-डिफ होऊन गेलंय.