सगळं लक्ष भुरीकडे होतं

पंचविसाव्या दिवशी संध्याकाळी भुरी खाद्याकडे आली नाही. कोंबडीच्या अकरा पिल्लांमध्ये सगळ्यात हावरी तीच. भांड्याचा आवाज झाला की इतरांच्या पाठीवरून उड्या मारत पुढे यायची. त्या दिवशी मात्र कोपऱ्यात उभी होती. पिसं फुलवलेली, पंख खाली सोडलेले, मान आत ओढून डोळे मिटलेले. मी बोट लावलं तेव्हा तिने डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा मिटले.

माझ्या पोटात गोळा आला. चार मोठ्या कोंबड्या मी दोन वर्षं सांभाळत होते, पण पिल्लं पहिल्यांदाच आणली होती. अकराच्या अकरा पंचवीस दिवस धडधाकट राहिली होती. माझ्या मुलीने त्यातल्या सहांना नावंही दिली होती.

भुरीला लगेच पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून दुसऱ्या खोलीत नेलं, वर दिवा लावला. एवढं बरोबर केलं. पण लगेच त्याच हातांनी, हात न धुता, बाकीच्या दहांचं पाणी बदललं. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. आजारी पिल्लू वेगळं करायचं आणि त्याची घाण आपणच हातांवरून इतरांपर्यंत पोचवायची, असं झालं होतं ते. त्या रात्रीपासून क्रम ठरवला : आधी निरोगी पिल्लं, मग आजारी, आणि त्यानंतर निरोगी पिल्लांकडे परत फिरकायचं नाही. आजारी खोलीची चप्पल वेगळी.

मग रात्रभर वाचत बसले. त्याने भीती वाढली, एवढंच झालं. मानमोडी म्हणावी तर तिच्यात मान वाकडी होते, श्वासाला त्रास होतो, शीट हिरवी पडते. गंबोरो हा विषाणूचा आजार म्हणावा तर तो नेमका तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांना गाठतो. मॅरेक्समध्ये एक पाय पुढे आणि एक मागे पसरून पिल्लू लुळं पडतं. १९०७ साली हंगेरीच्या जोझेफ मारेक यांनी या आजाराचं पहिलं वर्णन केलं, म्हणून त्याला हे नाव. भुरी पाय दुमडून बसली होती, आणि त्या दुमडलेल्या पायांत मला रात्री दोन वाजता मॅरेक्स दिसू लागला. बर्ड फ्लूचा विचार मनात आला तेव्हा तर मी उठून मुलीच्या खोलीचं दार लावून आले. खरी अडचण ही की पिल्लाला आजारपणाचा एकच चेहरा असतो. थंडी वाजत असो, पोट बिघडलेलं असो की जीवघेणा विषाणू असो, ते पिसं फुलवतं आणि डोळे मिटतं. नुसतं तोंडाकडे बघून काही कळत नाही.

एक गोष्ट मात्र उपयोगी पडली. भुरीच्या खोक्यात भुसा न घालता मी पांढरा कागद अंथरला होता. भुशात जे मिसळून जातं ते कागदावर स्वच्छ दिसतं. पहिली शीट तपकिरी, चिकट आणि भयंकर वासाची होती. मी घाबरले, पण ती साधी होती. दर आठ-दहा शिटांमागे एखादी अशी पडतेच, आतड्याच्या टोकाच्या पिशव्यांमधून येते ती. कधीकधी आतड्याच्या अस्तराचे नारिंगी तुकडेही पडतात, तेही चालतं. पहाटे साडेचारला पडलेली शीट मात्र वेगळी होती. पाणचट, आणि तिच्यात लालभडक रक्त. तुकडा नव्हे, अस्तर नव्हे. कागदावर त्याची कड पसरत गेली आणि थोड्या वेळाने ती तपकिरी झाली.

उजाडल्यावर मोठ्या खोक्यापाशी गेले तर काळं पिल्लू मरून पडलं होतं.

काळं. भुरी नव्हे. आदल्या संध्याकाळी ते खात होतं, निदान मला तसं वाटलं होतं. खरं सांगायचं तर मी त्याच्याकडे पाहिलंच नव्हतं. सगळं लक्ष भुरीकडे होतं. त्याला उचललं तेव्हा शेपटीखालची पिसं रक्ताने चिकटलेली होती. गळ्याखालची अन्नाची पिशवी रिकामी लागली, म्हणजे रात्री ते उपाशीच झोपलं होतं. छातीचं हाड बोटाला धारदार लागत होतं. असं हाड एका दिवसात वर येत नाही. ते दोन-तीन दिवस आजारी असणार, आणि मी रोज त्याच्यासमोर भांडं ठेवून पुढे जात होते.

पशुवैद्यांना फोन केला. त्यांनी आधी माझं काही ऐकून न घेता प्रश्नच विचारले. वय किती? कुठली लस दिली? मर किती आणि किती तासांत? कुणी खोकतंय का, डोकं झटकतंय का, डोळे-तोंड सुजलंय का? मोठ्या कोंबड्या आहेत का, त्यांची अंडी अचानक कमी झाली का? बाहेरचे पक्षी खाद्यावर येतात का? शेवटचा प्रश्न होता, "खाली गादी कशाची आहे, आणि ती ओली आहे का?"

मी म्हटलं, "लाकडाचा भुसा आहे, कोरडाच आहे."

"हात घालून बघितलंत?"

नव्हतं बघितलं.

त्यांनी मला एक गोष्ट बजावली आणि ती मी इथे मुद्दाम लिहिते. मोठे पक्षी एकाएकी धडाधड मरू लागले, डोकं सुजलं, तुरे निळेजांभळे पडले, तर मेलेल्या पक्ष्याला हात लावायचा नाही, कुठे न्यायचं नाही, घरी कापायचं तर मुळीच नाही. तशाच जागेवरून पशुसंवर्धन खात्याला कळवायचं. माझ्याकडे तसं काही नव्हतं. मोठ्या चौघी ठणठणीत होत्या. म्हणून त्यांनी मेलेलं पिल्लू आणि शिटेचा नमुना घेऊन यायला सांगितलं. पिल्लू दोन पिशव्यांत गुंडाळून थंड ठेवायचं, पण गोठवायचं नाही. बर्फ झाला की शरीरातल्या पेशी फुटतात आणि तपासायला काही उरत नाही. शीटही एकाच ठिकाणची नको. चार-पाच जागांहून ताजी उचलायची, कारण प्रत्येक शिटेत जंतू असतीलच असं नाही.

नमुना गोळा करायला मी गुडघ्यांवर बसले आणि पहिल्यांदा पाण्याच्या भांड्याखाली हात घातला. वरचा बोटभर थर कोरडा, खुटखुटीत. त्याखाली भुशाचा काळपट, ऊबदार, ओला लगदा. मुठीत दाबला तर त्याचा लाडू वळला. तेव्हा आठवलं : आठवड्यापूर्वी भांडं कलंडलं होतं. घाईत होते, ओला भुसा काढायच्या ऐवजी वरून नवा पसरला होता. दिसायला स्वच्छ झालं होतं.

पोस्टमॉर्टेम माझ्यासमोर झालं. बघवणार नाही असं वाटलं होतं, पण बघितलं. आतड्याच्या शेवटाला दोन लांबट, एका टोकाला बंद असलेल्या पिशव्या असतात, त्यांना सीका म्हणतात. त्या दोन्ही फुगून गर्द लाल झाल्या होत्या. डॉक्टरांनी एक उघडली तर आत गोठलेलं रक्त. शिटेचा नमुना त्यांनी मिठाच्या दाट पाण्यात घोळवला. परजीवीची अंडकोशिका, म्हणजे शिटेतून बाहेर पडणारं त्याचं अंड्यासारखं कवचबंद रूप, हलकी असल्याने वर तरंगते, ती काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. मला बघायला दिलं. गोल, अंडाकृती, दुहेरी कडेचे कण, एकाच नजरेत मोजता येणार नाहीत इतके.

"रक्ती हगवण. कॉक्सिडिओसिस," त्या म्हणाल्या. "सीकामध्ये आहे म्हणजे आयमेरिया टेनेला."

मला चक्क हायसं वाटलं. एक पिल्लू मेलं होतं, दुसरं मरायच्या बेतात होतं, आणि तरी नाव कळल्यावर रात्रभराचे बाकीचे सगळे आजार एका क्षणात खोलीबाहेर गेले. पहिला प्रश्न मी मुलीबद्दल विचारला. कोंबडीचा हा परजीवी माणसाला होत नाही, तो कोंबडीपुरताच असतो. पण साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जिवाणूचा संसर्ग पिल्लांकडून माणसाला होतो, आणि तो धडधाकट दिसणाऱ्या पिल्लाकडूनही होतो. त्यामुळे साबणाने हात धुणं, पिल्लाचे मुके न घेणं हे नेहमीचंच, या आजारापुरतं नाही.

डॉक्टरांनी कागदावर गोल काढून सगळं समजावलं. शिटेतून बाहेर पडलेली अंडकोशिका लगेच घातक नसते. तिला ऊब, ओल आणि हवा मिळाली की एक-दोन दिवसांत ती पिकते. मग पिल्लू ती चोचीने टिपतं, आणि साधारण पाचव्या दिवशी रक्त दिसतं. मी बोटांवर मोजलं. आठवड्यापूर्वी भांडं कलंडलं. दोन दिवस, अधिक पाच दिवस.

"आणि ही आली कुठून?" मी विचारलं.

"सकाळी आधी कुणाकडे जाता? मोठ्या कोंबड्यांकडे की पिल्लांकडे?"

मोठ्यांकडे. रोज. त्याच चपलांनी. मोठ्या कोंबड्यांना लहानपणी थोडाथोडा संसर्ग होऊन प्रतिकारशक्ती आलेली असते. त्या आजारी दिसत नाहीत, पण शिटेतून अंडकोशिका टाकत राहतात. खुराड्यातून पिल्लांच्या खोक्यापर्यंत ती माझ्या तळव्यांखालून आली होती.

औषध दिलं अँप्रोलियम, पिण्याच्या पाण्यातून. मात्रा मी इथे लिहीत नाही, ती आपल्या डॉक्टरांकडूनच घ्यावी. पण ते काम कसं करतं हे कळल्यामुळे माझी एक चूक टळली. अँप्रोलियमची घडण थायामिनसारखी, म्हणजे ब-१ जीवनसत्त्वासारखी असते. परजीवीला वाढायला थायामिन लागतं, त्याच्या जागी हे शिरतं आणि त्याची उपासमार होते. मी पिल्लांना ताकद यावी म्हणून दोन दिवस पाण्यात जीवनसत्त्वांचं मिश्रण घालत होते. ते चालू ठेवलं असतं तर औषधाचा परिणाम कमी झाला असता. जीवनसत्त्वं कोर्स संपल्यावर. घरात पडलेलं एक प्रतिजैविक द्यायचाही विचार रात्री मनात आला होता. बहुतेक प्रतिजैविकांना हा परजीवी दाद देत नाही, ते जिवाणूंसाठी असतं.

औषध सगळ्यांना, आजारी असो वा नसो. दुसरं पाणी ठेवायचं नाही. पाणी रोज नवं. खाणं सुटलेलं पिल्लूसुद्धा बऱ्याचदा पाणी पितं, म्हणून औषध पाण्यात. भुरी तेही पीत नव्हती. मी दर तासाला तिच्या चोचीच्या कडेला एक थेंब सोडायचे. थेंब चोचीच्या फटीत थांबायचा, मग घशापाशी किंचित हालचाल व्हायची आणि तो आत जायचा. तेवढी हालचाल दिसली की मी पुढचा थेंब घ्यायचे. जबरदस्तीने तोंडात ओतलं तर श्वासनलिकेत जातं, हे डॉक्टरांनी दोनदा सांगितलं होतं.

गादीचं काम त्याहून मोठं होतं. सगळा भुसा उपसला, पिशव्यांत बांधून लांब टाकला. ब्लीचने खोकं घासायला निघाले होते, पण या अंडकोशिकेच्या जाड कवचापुढे ब्लीच आणि बहुतेक जंतुनाशकं काही करू शकत नाहीत. तिला मारतं ते कोरडेपण आणि उष्णता. म्हणून खोकं खरवडलं, उकळतं पाणी ओतलं, उन्हात खडखडीत वाळवलं. कोर्स संपेपर्यंत रोजचा भुसा रोज काढला, म्हणजे पिकायला तिला दोन दिवस मिळूच नयेत. पाण्याचं भांडं विटेवर जाळी ठेवून तिच्यावर ठेवलं, पिल्लाच्या पाठीच्या उंचीला. सांडलेलं पाणी जाळीखाली जातं आणि तिथे कुणाची चोच पोचत नाही. जागाही दुप्पट केली. पंचवीस दिवसांची पिल्लं पाच दिवसांच्या पिल्लांच्या जागेत राहत होती, हे मला दिसायला हवं होतं.

औषधाच्या दुसऱ्या दिवशी आणखी एक पिल्लू गेलं, ठिपकी. तिला नाव होतं. मुलीला मी खरं सांगितलं. ती म्हणाली, "औषध दिलं होतंस ना आई, मग?" मी तिला सांगितलं की औषध परजीवीला थांबवतं, पण आतड्याला झालेली जखम त्याआधीच मोठी झालेली असेल तर ती औषधाने भरत नाही. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग उरलेल्या नऊ जणांना मोजून आली.

तिसऱ्या दिवशी दुपारी कागदावर पहिली बिनरक्ताची शीट पडली. चौथ्या दिवशी भुरीने स्वतःहून चोच पाण्यात बुडवून मान वर केली. मी तो क्षण पाहिला आणि जमिनीवरच बसून राहिले. दहाव्या दिवशी तिला बाकीच्यांत सोडलं. अंगाने ती मागे राहिली आहे, अजूनही इतरांपेक्षा मूठभर लहान दिसते.

दोन आठवड्यांनी पुन्हा नमुना दिला. थोड्या अंडकोशिका अजून होत्या. माझा चेहरा उतरला, पण डॉक्टरांनी सांगितलं की थोड्या असायला हरकत नाही, त्यातूनच प्रतिकारशक्ती टिकते. ती एका जातीपुरतीच असते, टेनेलापासून बचाव झाला म्हणून आयमेरियाच्या दुसऱ्या जातीपासून होतोच असं नाही. त्यामुळे गादीची काळजी सुटत नाही.

आता सकाळी आधी पिल्लांकडे जाते, मग मोठ्यांकडे, चपला बदलून. खाद्य घालायच्या आधी प्रत्येकाला उचलून छातीचं हाड चाचपते, नऊच्या नऊ जणांचं. मग पाण्याच्या भांड्याशेजारचा भुसा मुठीत घट्ट दाबते आणि मूठ उघडते. भुसा बोटांतून सुटून खाली पडला तर ठीक. गोळा राहिला तर तो सगळा बाहेर.