घडीचा ट्रेलर आणि खान्देशचा फुफाटा: दत्तजयंती ते आखाजी

दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत आमचा मुक्कामाचा घडीचा ट्रेलर पहिल्यांदा लांब नेला. फैजपूरहून यावल, चोपडा, शिरपूर, शहादा असा सगळा डांबरी रस्ता. माती लागली ती शेवटी, तापीकाठच्या यात्रेच्या मैदानाजवळ. घोड्यांच्या टापांनी तिथली माती पिठासारखी झालेली असते. मुक्कामाच्या जागी छप्पर वर केलं तेव्हा गाद्यांवर एवढा थर होता की भाच्याने बोटाने आपलं नाव लिहिलं. डबे, पांघरुणं, दिव्याची काच, सगळं राखाडी. सौ. काही बोलली नाही. गादी उचलून बाहेर झटकायला लागली आणि रात्रभर खोकत राहिली. परत आल्यावर ठरवलं की पुढच्या मुक्कामाआधी हा प्रश्न सोडवायचा.

नव्याने आलेल्यांसाठी ट्रेलरची ओळख. खालचं खोकं 10 बाय 6 फुटांचं, चौकोनी पाइपच्या सांगाड्यावर पत्रा. वर झाकणासारखं छप्पर, ते चार कोपऱ्यांतल्या पाइपांवर हातविंचने वर जातं आणि मधल्या भागात कॅनव्हासच्या भिंती उभ्या राहतात. बंद केला की जमिनीपासून साडेचार फूट. ओढायला बोलेरो. धूळ आत जाण्याची मुख्य जागा म्हणजे छप्पर आणि खोकं यांच्यामधली 32 फुटांची कड. कडेला सगळीकडे फक्त 2 मिलिमीटर फट राहिली, तरी तिचं क्षेत्रफळ जवळपास 200 चौरस सेंटिमीटर भरतं. म्हणजे 14 सेंटिमीटर बाजूची खिडकी सताड उघडी ठेवून फुफाट्यातून जाण्यासारखं आहे. हा हिशेब मी आधी केला असता, तर दुकानातली चिकटपट्टीची स्पंजपट्टी लावून निश्चिंत झालो नसतो. ती पट्टी आमच्या उन्हात एका मोसमात चपटी झाली आणि पुन्हा फुगलीच नाही.

संक्रांतीनंतर कामाला लागलो. आधी फट मोजली. कणकेच्या लिंबाएवढ्या गोळ्या प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून कडेवर दर फुटाला एक ठेवली, छप्पर बंद करून कड्या लावल्या, उघडून प्रत्येक चपट्या गोळीची जाडी व्हर्नियरने मोजली. पुढच्या बाजूला 9 मिमी, मधे 6, मागच्या डाव्या कोपऱ्यात 15. सांगाडा वेल्डिंगच्या वेळीच थोडा पिळला गेला होता, हे तेव्हा कळलं. पोकळ रबराचा फुगा साधारण तिसरा हिस्सा दबला तर नीट बसतो. त्यामुळे 6 आणि 15 मिमीच्या फटींना एकच रबर पुरणं शक्यच नव्हतं. एकीकडे ते चेंगरणार, दुसरीकडे टेकणारही नाही.

भुसावळच्या मिस्त्रींनी हे पाहिलं आणि म्हणाले, "भो, रबर पाह्यजे तेवढं लाव, मागचा कोपरा उघडा राह्यला त काही उपेग नाही." त्यांच्या सल्ल्याने मागच्या बाजूला रबराखाली ॲल्युमिनियमच्या पट्ट्या चढवत नेल्या, आधी 3 मिमी, मग 6, कोपऱ्यात 9. मधे जिथे फट कमी होती तिथे छपराची कड घासून घेतली. मग सगळीकडे ईपीडीएमचं (हे एक कृत्रिम रबर) डी आकाराचं पोकळ रबर लावलं. उन्हात आणि ओझोनमध्ये ते साध्या रबरापेक्षा कितीतरी जास्त टिकतं. छपराच्या कड्याही बदलल्या. आधी दोन होत्या, आता जुन्या ट्रंकेला असतात तशा ओढून बसणाऱ्या आठ आहेत. दाब सगळीकडे सारखा पडायला त्या लागतातच.

कोपऱ्यांवर माझे दोन दिवस गेले. रबर काटकोनात वळवलं की आतून घडी पडते, फुगा बसतो आणि नेमकं कोपऱ्यातच भोक राहतं. शेवटी 45 अंशात कापून जोड दिला. सिलिकॉन ईपीडीएमला धरत नाही, आठवड्यात सोलून निघालं. लगेच चिकटणारा सायनोॲक्रिलेटचा गोंद मात्र पक्का बसला. रबराची दोन टोकं मिळतात तो जोड मी पुढच्या बाजूला घेतला. मागे घेऊ नका. कारण पुढे सांगतो.

रबर बरोबर टेकतं का हे बघायला त्यावर कोरडी पांढरी रांगोळी बोटाने पसरली आणि छप्पर बंद करून उघडलं. वरच्या पत्र्यावर जिथे पांढरी रेघ उमटली तिथे टेकलं, जिथे तुटली तिथे नाही. सहा ठिकाणी तुटली होती. ती दुरुस्त केल्यावर रेघ अखंड आली, आणि माझ्या मते काम संपलं होतं.

पण ते संपलेलं नव्हतं.

मोजल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही, म्हणून आमच्या शिवारातला गाडरस्ता ठरवला, जाऊन-येऊन 6 किलोमीटर, वेग ताशी 20 च्या आसपास. दर फेरीनंतर आतली सगळी धूळ रंगाच्या मऊ ब्रशने कागदाच्या पुडीत गोळा करायची. जळगावच्या सराफ बाजारात मेव्हण्यांचा काटा आहे, त्यावर पुड्या तोलल्या. सोनं तोलणाऱ्या काट्यावर माती ठेवू दिली, त्याबद्दल त्यांचे आभार. रबर लावण्याआधीची पुडी 186 ग्रॅम, नंतरची 71. फरक मोठा, पण 71 ग्रॅम फुफाटा म्हणजे गादीवर पुन्हा नाव लिहिता येईल एवढा.

आणि ती धूळ सगळी पुढच्या बाकाखाली होती. मला वाटलं पुढचं रबर सुटलं. रांगोळी पुन्हा लावली, रेघ अखंड. मग रात्री ट्रेलर बंद करून आत टेबलफॅन लावला, त्याच्यासमोर धूप पेटवला आणि बाहेर बॅटरी घेऊन फिरलो. धूर निघत होता मागच्या दाराच्या उंबऱ्यातून, आणि पुढे बाकाखाली जिथून वायरी ट्रेलरच्या जमिनीतून वर येतात तिथून.

इथे मला ही गोष्ट खरी समजली. चालत्या चौकोनी खोक्याच्या मागे हवेचा दाब कमी होतो. मागची फट आतली हवा बाहेर ओढते, म्हणजे आतला दाब कमी होतो, आणि ती तूट भरायला हवा मिळेल त्या भोकातून आत शिरते. माझ्या बाबतीत ते भोक जमिनीत होतं, नेमकं चाकांनी उडवलेल्या धुरळ्यात. दोष मागच्या दारात आणि धूळ पुढच्या बाकाखाली. म्हणून, मंडळी, धूळ दिसते तिथे रबर लावत बसू नका, आधी हवा कुठून कुठे जाते ते पाहा. जोड मागे घेऊ नका म्हणालो तेही याचसाठी.

वायरींच्या भोकांत रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणाऱ्या कड्या) बसवले आणि भोवती तारेचा काथ्या दाबून वरून पॉलियुरेथेनचा सीलंट भरला. काथ्या उंदरांसाठी. ट्रेलर केळीच्या बागेशेजारी शेडमध्ये उभा असतो, तिथे त्यांना तोटा नाही. दाराच्या उंबऱ्याला दुहेरी रबर लावलं.

तरीही आपली काळी माती फार बारीक. बेसॉल्ट झिजून बनलेली, पाण्याने फुगणारी आणि उन्हात भेगाळणारी ही चिकणमाती चाकाखाली दळली गेली की हवेत तरंगत राहते. शंभर टक्के बंद खोकं घरच्या वर्कशॉपमध्ये होत नाही. मग उलटा विचार केला. फटी राहणारच असतील, तर त्यांतून हवा आत येण्याऐवजी बाहेर जात राहावी. त्यासाठी आत गाळलेली हवा भरायची.

आधी चालत्या गाडीच्या वाऱ्यावरच भागवायचं ठरवलं. छपराच्या पुढच्या कडेला भोंगा, आत फिल्टर. फिल्टर म्हणून ट्रॅक्टरचा ऑइलबाथ एअर क्लीनर, म्हणजे हवा तेलातून गाळणारा डबा, काढून ठेवला होता. हिशेब केला आणि तो परत ठेवून दिला. ताशी 20 किलोमीटरला समोरच्या वाऱ्याचा दाब पाण्याच्या जेमतेम 2 मिलिमीटर स्तंभाएवढा असतो, ऑइलबाथमधून हवा ढकलायला तो कुठेच पुरत नाही. नुसता फोम लावून पाहिलं, पुडी 64 ग्रॅम. बुटका ट्रेलर बोलेरोच्या पाठीशी तिच्याच भोवऱ्यात चालतो, त्यामुळे तिथे समोरचा वारा असा नसतोच, असते ती बोलेरोने उडवलेली धूळ. ताशी 60 ला दाब नऊपट होतो हे खरं, पण फुफाट्याच्या रस्त्यावर 60 ने कोण जाणार?

होळीच्या आठवड्यात उत्तर सापडलं. भंगारातून गाडीच्या एसीचा 12 व्होल्टचा ब्लोअर आणला. तो पुढच्या बाकाखाली बसवला. त्याला हवा देणारा पाइप म्हणजे ठिबकच्या सबमेनचा 75 मिमी पीव्हीसी, ट्रेलरच्या दांडीवरून उभा, बोलेरोच्या टपाच्या वर. टोकाला जुन्या ट्रॅक्टरचा प्रीक्लीनर, जो हवा गरगर फिरवून जाड माती बाहेर फेकतो. पुढे बाकाखालच्या डब्यात फोमचा फिल्टर, त्याला इंजिन ऑइलचा हलका हात. पाइप आट्यांनी फिरवून बसतो, पक्क्या रस्त्यावर काढून ठेवतो, नाहीतर बाभळीच्या फांद्या त्याला सोडत नाहीत. ब्लोअर पहिल्या वेगावर साधारण 4 ॲम्पियर घेतो, ट्रेलरच्या बॅटरीला ते जड नाही.

त्याच गाडरस्त्यावर, त्याच वेगात, पुडी 6 ग्रॅम. मेव्हण्यांनी काटा दोनदा शून्यावर आणून पुन्हा तोललं.

एक सवय मात्र लावून घ्यावी लागली. गाडी थांबली की लगेच ब्लोअर बंद करायचा नाही. आपणच उडवलेला ढग मागून येऊन ट्रेलरवर बसतो, तो खाली बसेपर्यंत दोन-तीन मिनिटं चालू ठेवायचा. पहिल्यांदा मी हे विसरलो आणि फोम स्वच्छ असूनही गादीवर पातळ थर आला.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खिरोद्यावरून पाल गावी गेलो, सुकी नदीकाठी दोन रात्री. मुली झोके खेळल्या, भरीत-भाकरी झाली, गाद्या जशा भरल्या तशा निघाल्या. पण तिथे दुसरी धूळ भेटली, ती आपणच आत नेतो. उन्हाळी गवताचं कुसळ कॅनव्हासच्या खालच्या दुमडीत शिरतं, घडी घातली की टोक पुढे पुढे सरकत आरपार जातं. आता घडी घालण्याआधी दुमडीतून बारीक फणी फिरवतो. छपरावरचा पालापाचोळा खाली घेण्याच्या आधीच झाडायचा, नाहीतर तो सरळ रबरावर पडतो आणि एका काडीमुळे सगळा दाब जातो. चपला बाहेर, दारात ओलं गोणपाट. गोखरू चपलेच्या तळाला चिकटून आत येतं आणि पहाटे कोणाच्या तरी टाचेत सापडतं, म्हणून तळवे बघायचं काम भाच्याकडे दिलंय आणि तो ते मनापासून करतो.

मृगाआधी दोन कामं बाकी आहेत. चाकांच्या मागे रुंद मडफ्लॅप, कारण ओली काळी माती उंबऱ्याच्या रबरात बसली की सुकून दगड होते. आणि ट्रेलरच्या जमिनीत पाणी निघायला ठेवलेल्या दोन भोकांना बाहेर उघडणाऱ्या रबरी पडद्या. सध्या तिथे बुचं आहेत, ती काढायचं विसरलं तर पाणी आतच साचेल. पडद्यांसाठी सायकलच्या ट्यूबचे तुकडे कापून ठेवलेत, रविवारी लावतो आणि पुडी तोलून आकडा कळवतो.