तुम्ही विचारलंत म्हणून: प्रमाण खरोखर घटते आहे का?

निवृत्त होऊन सात वर्षे झाली, तरी संध्याकाळी मासुंदा तलावाच्या कडेने फेरी मारताना जुने विद्यार्थी भेटतात आणि "बाई, एक विचारायचं होतं," असे म्हणून थांबवतात. पूर्वी हे विचारणे मुलांच्या गणिताविषयी किंवा अकरावीच्या प्रवेशाविषयी असायचे. अलीकडे मात्र एकच प्रश्न निरनिराळ्या तोंडून ऐकते: "तरुण मुलांमध्ये स्वतःला ट्रान्सजेंडर म्हणवणाऱ्यांचं प्रमाण आता कमी व्हायला लागलंय म्हणे. खरं आहे का?" बत्तीस वर्षे मी ठाण्यातल्या एका शाळेत गणित शिकवले आणि त्यात दहावीची सांख्यिकीही आली, त्यामुळे आकड्यांतले हिला कळेल, अशी विचारणाऱ्यांची समजूत असते. शिवाय काहींना हेही माहीत असते की माझ्या सख्ख्या बहिणीचे धाकटे अपत्य, ज्याला आम्ही सगळे अठरा वर्षे भाचा म्हणत आलो, ती आज माझी भाची आहे. जन्मावेळी नोंदलेल्या लिंगापेक्षा ज्यांची स्वतःची ओळख वेगळी असते, ते ट्रान्सजेंडर. या प्रश्नाला तलावाकाठी उभ्या उभ्या उत्तर देता येत नाही, म्हणून लिहिते.

ही बातमी कुठून आली ते आधी सांगितले पाहिजे. इंग्लंडमधील बकिंगहॅम विद्यापीठातले प्राध्यापक एरिक कॉफमन यांनी २०२५ च्या ऑक्टोबर महिन्यात एक अहवाल प्रसिद्ध केला. अमेरिकेत महाविद्यालयांतील अभिव्यक्तिस्वातंत्र्यासाठी काम करणारी 'फायर' नावाची संस्था दरवर्षी हजारो पदवी विद्यार्थ्यांची पाहणी करते, आणि त्या पाहणीत आपण पुरुष किंवा स्त्री यांपेक्षा वेगळे आहोत असे सांगणारे विद्यार्थी २०२२ आणि २०२३ मध्ये ६.८ टक्के होते, ते २०२४ मध्ये ५.२ टक्के आणि २०२५ मध्ये ३.६ टक्के झाले, असे त्यांनी दाखवले. त्याच सुमारास जीन ट्वेंगी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी वेगळ्या पाहणीतले आकडे तपासले, तेव्हा १८ ते २२ या वयोगटात स्वतःला ट्रान्सजेंडर म्हणवणाऱ्यांचे प्रमाण २०२२ ते २०२४ या दोन वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आलेले त्यांना दिसले. तेव्हा आकडे बनावट आहेत किंवा कोणाच्या तरी आकसातून आले आहेत, असे मी म्हणणार नाही. अमेरिकेतल्या काही पाहण्यांत घट दिसली आहे, आणि ती लहान नाही.

परंतु घट कशात झाली, हे पाहण्यासाठी मुळात प्रश्न काय विचारला होता तिथे जावे लागते. 'फायर'च्या पाहणीत "तुम्ही ट्रान्सजेंडर आहात का" असे विचारलेले नव्हते. पुरुष, स्त्री, नॉन-बायनरी (म्हणजे निव्वळ पुरुषही नाही आणि निव्वळ स्त्रीही नाही) आणि तत्सम काही पर्याय देऊन त्यांतला एक निवडायला सांगितले होते. जन्मावेळी मुलगा म्हणून नोंदली गेलेली आणि आज मुलगी म्हणून जगणारी विद्यार्थिनी अशा ठिकाणी 'स्त्री' हाच पर्याय निवडण्याची शक्यता सर्वांत जास्त, आणि तिने तो निवडला की या टक्केवारीत ती मुळात नसतेच. म्हणजे या पाहणीत जी घट आहे ती प्रामुख्याने पुरुष आणि स्त्री या दोन्ही नावांपासून दूर राहू पाहणाऱ्या मुलांची आहे. माझे मत विचाराल तर, टाळेबंदीच्या काळात घरात कोंडलेल्या आणि दिवसभर पडद्यासमोर बसलेल्या पुष्कळ मुलांनी ते शब्द स्वतःला लावून पाहिले, आणि त्यांच्यामागून आलेल्या मुलांना त्या शब्दांची तेवढी ओढ वाटली नाही. कोणी एखादा शब्द काही काळ वापरला आणि मग सोडला, यात त्या मुलाचा काही दोष आहे असे मला वाटत नाही. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी सरकारी व्यवहारात दोनच लिंगे मानण्याचा आदेश काढला, त्या भीतीने मुले गप्प झाली, असेही काही जण म्हणतात. भीतीचा वाटा असू शकेल, पण घसरण २०२४ मध्येच सुरू झाली होती, तेव्हा सगळा भार त्या आदेशावर टाकणे हिशेबात बसत नाही. ट्वेंगीबाईंनी वापरलेल्या पाहणीत तर ट्रान्सजेंडर असण्याविषयी स्वतंत्र प्रश्न होता, म्हणून केवळ पर्यायांच्या मांडणीकडे बोट दाखवूनही भागत नाही.

प्रश्नाच्या शब्दांनी आकडा कसा हलतो याचे इंग्लंडचे उदाहरण मला फार बोलके वाटते. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये पहिल्यांदाच लिंगओळखीचा प्रश्न विचारला गेला आणि सुमारे २,६२,००० लोकांनी आपली ओळख जन्मावेळच्या नोंदीपेक्षा वेगळी असल्याचे सांगितले. पण लंडनमधील न्यूहॅम आणि ब्रेंट यांसारख्या, घरी इंग्रजी न बोलणाऱ्या स्थलांतरितांची मोठी वस्ती असलेल्या भागांत हे प्रमाण देशात सर्वाधिक निघाले, तेव्हा तज्ज्ञांना शंका आली की अनेकांना तो लांबलचक प्रश्नच नीट कळला नसावा. अखेर २०२४ मध्ये या आकड्यांचा पक्क्या अधिकृत आकडेवारीचा दर्जा काढून घेण्यात आला.

आता आपल्याकडे येऊ. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या दहावीच्या परीक्षेसाठी २०२४ मध्ये नोंदणी केलेल्यांत ५६ ट्रान्सजेंडर विद्यार्थी होते, आणि २०२५ मध्ये १६,११,६१० विद्यार्थ्यांत १९. या दोन आकड्यांचा आलेख काढला तर वर्षभरात दोन तृतीयांश घट झाली, अमेरिकेपेक्षाही मोठी, असे दिसेल. परंतु हा रकाना कसा भरला जातो हे मी जवळून पाहिले आहे. आमच्या शाळेत आवेदनपत्रे भरायच्या दिवसांत कार्यालयात जनरल रजिस्टर उघडे असायचे, आणि नाव, जन्मतारीख, जात, लिंग हे सगळे त्यातून उतरवून घेतले जायचे. पहिलीत प्रवेश घेताना पालकांनी जे सांगितले तेच दहावीच्या आवेदनपत्रावर यायचे. विद्यार्थ्याकडे तो कागद सही करण्यापुरता, नावातल्या वेलांट्या तपासण्यापुरता यायचा. पंधरा वर्षांच्या मुलाने किंवा मुलीने त्या टेबलापाशी, मागे वर्गाची रांग उभी असताना, "बाई, हा रकाना चुकलाय," असे म्हणावे ही अपेक्षाच अवास्तव आहे. तेव्हा सोळा लाखांत एकोणीस हा आकडा मुलांचा नाहीच. तो, आवेदनपत्र भरण्याच्या वेळी घर आणि शाळा या दोघांनीही साथ दिली अशा मुलांचा आहे.

जनगणनेचेही तसेच. २०११ च्या फेब्रुवारीत मी प्रगणक होते आणि वागळे इस्टेटकडच्या एका वस्तीतली घरे माझ्या वाट्याला आली होती. लिंगाच्या रकान्यात पुरुषाला १ आणि स्त्रीला २ लिहायचे होते, आणि प्रशिक्षणात सांगितले होते की कोणी स्वतःहून यापेक्षा वेगळे सांगितले तरच ३ लिहायचे. एका खोलीत तिघी तृतीयपंथी राहत होत्या, एक गुरू आणि दोन चेले. गुरूने स्टुलावर पाणी ठेवले आणि मी तक्ता मांडीवर घेऊन विचारू लागले. थोरल्या चेल्याने "बाईच लिहा," असे सांगितले. धाकटी म्हणाली, "रेशन कार्डावर पुरुष आहे, तेच लिहा, उगाच घोळ नको." गुरूने दोघींकडे पाहिले आणि मग मला म्हणाली, "माझं जे आहे ते लिहा." म्हणून त्या खोलीतून ३ हा आकडा एकदाच लिहिला गेला. त्या जनगणनेत देशभरात 'इतर' या सदरात ४,८७,८०३ जण नोंदले गेले आणि महाराष्ट्रात ४०,८९१. देशाच्या आकड्यातील ५४,८५४ ही तर सहा वर्षांपर्यंतची मुले होती, ज्यांच्या वतीने मोठ्यांनीच काहीतरी सांगितले असणार किंवा प्रगणकाने चुकून लिहिले असणार. पुढे २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत तृतीयपंथी म्हणून नोंदलेले मतदार देशभरात सुमारे ४८,००० होते. मतदार यादीत लहान मुले नसतात हे धरूनही, साधारण एकास दहा एवढी ही तफावत माणसे कमी झाल्याने पडलेली नाही. २०२१ ची जनगणना तर झालीच नाही, त्यामुळे आपल्या मुलांविषयी वाढ किंवा घट काहीही ठामपणे सांगण्याजोगी साखळीच आपल्या हातात नाही. अमेरिकेचा आलेख ठाण्याच्या मुलांना लावणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

भाचीचे उदाहरण देते, कारण ते मी तारखांसकट सांगू शकते. २०१८ मध्ये ती दहावी झाली, तेव्हा सर्व कागदांवर ती मुलगा होती. २०१९ चा तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांचा कायदा लागू झाल्यावर तिने अर्ज केला आणि २०२१ मध्ये जिल्हाधिकारी कार्यालयाकडून तिला ओळखपत्र मिळाले, ज्यावर लिंग 'ट्रान्सजेंडर' असे होते. शस्त्रक्रियेनंतर त्याच कायद्याखाली तिने सुधारित प्रमाणपत्र घेतले आणि २०२४ पासून ती कागदोपत्री स्त्री आहे. तेव्हा मोजणाऱ्याच्या वहीत २०२१ मध्ये एकाची वाढ झाली आणि २०२४ मध्ये एकाची घट. या सगळ्या काळात ऐरोलीच्या त्याच घरात, त्याच खिडकीपाशी बसून ती अभ्यास करत होती.

मध्यंतरी एक जुना विद्यार्थी पत्नीला घेऊन घरी आला. घोडबंदर रोडला राहतात, दोघेही नोकरी करतात. त्याने मोबाइलवर अमेरिकेतल्या आकड्यांचा तोच उतरता आलेख काढून माझ्यासमोर धरला. त्यांचा एकोणीस वर्षांचा मुलगा वर्षभर सांगत होता की मी मुलगी आहे. एका डॉक्टरांनी इंजेक्शने आणि काही महिन्यांचे उपचार देऊन 'हे' बरे करतो असे सांगून बरेच पैसे घेतले होते आणि मुलाने मध्येच जायचे बंद केले होते. आलेखावर बोट ठेवून त्याने विचारले, "बाई, म्हणजे आणखी दोन वर्षं थांबलो तर आपोआप जाईल ना?"

तेव्हा मला कळले की इतके दिवस लोक जे विचारत होते त्याच्या तळाशी हेच होते. मी त्याला वर्गात सांगायचे तसे सांगितले. हा आलेख एकाच मुलांना दरवर्षी विचारून काढलेला नाही. २०२२ मध्ये जी मुले महाविद्यालयात होती त्यांतली बहुतेक आता बाहेर पडली आहेत आणि २०२५ मध्ये उत्तर देणारी बव्हंशी दुसरीच आहेत. २०२२ च्या तुकडीचे गुण आणि २०२५ च्या तुकडीचे गुण शेजारी ठेवून अमुक मुलाचे गुण घटले असे आपण म्हणत नाही, तसेच हे. नवीन येणाऱ्यांत ते नाव घेणारे कमी झाले, एवढेच हा आलेख सांगतो, आणि आधी ज्यांनी ते घेतले त्यांनी ते टाकले की ठेवले याविषयी तो काहीच सांगत नाही. काही तरुण पुढे विचार बदलतात हेही मी त्याच्यापासून लपवले नाही, आणि अठराच्या आतल्या मुलांच्या औषधोपचारांविषयी इंग्लंडमध्ये डॉ. हिलरी कॅस यांच्या २०२४ च्या अहवालाने मोठी सावधगिरी सुचवली आहे हेही सांगितले. परंतु औषधाचा निर्णय वेगळा, आणि घरात समोर बसलेल्या एकोणीस वर्षांच्या माणसाचे ऐकून घेणे वेगळे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या यादीत, जी जानेवारी २०२२ पासून लागू आहे, ही अवस्था मानसिक विकारांत धरलेली नाही, आणि आपल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने त्याच वर्षी असे 'बदलून टाकण्याचे' उपचार करणे हे डॉक्टरचे व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहे. तुमचे पैसे ज्याने घेतले त्याने ते चुकीचे घेतले, असे मी त्याला स्पष्ट सांगितले. तो बराच वेळ काही बोलला नाही आणि मग त्याने मोबाइल पालथा घालून टीपॉयवर ठेवला.

त्याची पत्नी तोपर्यंत एक शब्दही बोलली नव्हती. चहाचा कप दोन्ही हातांत धरून तिने विचारले, "तुमच्या बहिणीनं पहिल्यांदा तिला त्या नावानं हाक मारली, तेव्हा काय झालं?"

मी त्या दिवशी तिथे होते, म्हणून सांगू शकले. रविवार होता, ऐरोलीला जेवायला गेले होते. बहिणीचे सारे लक्ष कुकरच्या शिट्टीकडे होते आणि तिने स्वयंपाकघरातूनच, काही ठरवलेले नसताना, नव्या नावाने हाक मारली आणि ताटे घे म्हणून सांगितले. मेहुण्यांनी वर्तमानपत्रातून डोके वर काढले. भाची उठली, फडताळातून पाच ताटे काढली, आणि वाट्या कुठल्या घेऊ, असे तिने विचारले.