कोणतं कलम मोडलं, ते लेखी सांगा

2024मध्ये माझ्या तेव्हाच्या कंपनीने मला कारणे दाखवा नोटीस दिली होती. कंपनी हिंजवडीतली, नाव घेत नाही. त्यातून मी नोकरी शाबूत ठेवून बाहेर आले. हल्ली ओळखीतलं कोणी ना कोणी विचारतं, 'तू तेव्हा नक्की काय केलंस?' म्हणून एकदाच नीट लिहून काढते.

प्रकरण अगदी किरकोळ होतं. त्या तिमाहीत व्हेरिएबल पे, म्हणजे पगाराचा कामगिरीनुसार कमीजास्त होणारा भाग, निम्माच जमा झाला आणि त्याच आठवड्यात टाउन हॉलमध्ये, म्हणजे सगळ्या कर्मचाऱ्यांच्या बैठकीत, कंपनीचे तिमाही निकाल उत्तम लागल्याचं सांगून झालं. आमच्या युनिटच्या टीम्स चॅनेलवर (ऑफिसच्या चॅट ॲपवरच्या ग्रुपवर) मी विचारलं, "निकाल चांगले असताना व्हेरिएबल निम्मा कुठल्या निकषावर? पॉलिसीत मला सापडलं नाही, कोणी लिंक देईल का?" एवढंच. खाली अंगठ्यांची रांग लागली. दुसऱ्या दिवशी त्याचा स्क्रीनशॉट कंपनीबाहेर फिरत होता. तो कोणी काढला, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

मग एचआरचं कॅलेंडर इन्व्हाइट आलं. विषय: 'क्विक कनेक्ट'. असं इन्व्हाइट आलं की पोटात गोळा का येतो, हे आयटीतल्या माणसाला सांगायला नको. 2017मध्ये टेक महिंद्राच्या एचआरने एका कर्मचाऱ्याला फोनवर राजीनामा द्यायला सांगितल्याची क्लिप देशभर फिरली होती आणि आनंद महिंद्रांनी जाहीर माफी मागितली होती. ती क्लिप ऐकली तेव्हा मी फ्रेशर होते. त्यातला चढलेला आवाज नाही, शांत आणि अदबशीर आवाज लक्षात राहिला होता.

इथेही आवाज तसाच. "तुझा हेतू चांगलाच होता, आम्हाला माहितीय. पण ऑप्टिक्स बघ ना." मेसेज डिलीट कर, त्याच चॅनेलवर दोन ओळींत माफी माग, इथेच विषय संपवू, असा प्रस्ताव होता. मॅनेजर गप्प. कम्प्लायन्सवाले, म्हणजे नियमपालन बघणारे, कोणी तिसरे होते, त्यांचा कॅमेरा पूर्ण वेळ बंद. मी विचारलं, कुठली पॉलिसी मोडली? उत्तर आलं, "कोड ऑफ कंडक्ट वाच, सगळं आहे त्यात." मी म्हटलं, मग मेलवर कळवा. संध्याकाळी नोटीस आली: गोपनीय माहिती उघड करणं आणि कंपनीच्या प्रतिमेला बाधा आणणं. उत्तर सोमवारपर्यंत.

नवरा म्हणाला, माफी मागून टाक, गृहकर्ज आहे डोक्यावर. त्याचं चुकीचं नव्हतं. पण माफी म्हणजे आरोप लेखी कबूल करणं, आणि तो कागद कधी बाहेर काढायचा हे पुढे त्यांच्या हातात.

शनिवारी चिंचवडला काकांकडे गेले. काका भोसरीतल्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले, वर्षानुवर्षं युनियनच्या कमिटीवर. नोटीस फोनवर मोठी करून दोनदा वाचली आणि पहिला प्रश्न विचारला तो भलताच. "रजा कोणाची मंजूर करतेस तू?"

"कोणाचीच नाही. मॅनेजर करतो."

"अप्रेझल?"

"मी फक्त इनपुट देते."

"मग लीड कसली? कामगार आहेस."

माझं पद 'लीड' होतं. आयटीत सगळेच काहीतरी 'लीड' नाहीतर 'मॅनेजर' असतात आणि आपल्याला कामगार कायदा लागू नाही असं धरून चालतात. काकांनी सांगितलं ते वकिलांनीही पुढे दुजोरा देऊन सांगितलं: 1947च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या व्याख्येत तांत्रिक काम करणारा माणूस बसतो. पद काय लिहिलंय ते कोर्ट पाहत नाही, रोज काम काय करतो ते पाहतं. (आता 21 नोव्हेंबर 2025पासून त्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता आली आहे, पण माझ्या वेळी जुनाच कायदा होता.) शिवाय महाराष्ट्रात 1971चा वेगळा कायदा आहे. आकसाने काढलं, तर नव्वद दिवसांत अनुचित कामगार प्रथेची तक्रार करता येते. पिंपरी-चिंचवडमध्ये याला नुसतं 'यूएलपी (अनफेअर लेबर प्रॅक्टिस) टाकणं' म्हणतात. हिंजवडी तिथून किती लांब? पण माझ्या टीममध्ये हा शब्द एकानेही ऐकलेला नव्हता.

काकांचा दुसरा मुद्दा मला जास्त भावला. "आमच्या गेटवर स्थायी आदेश लावलेले असायचे, मराठीत. गैरवर्तन म्हणजे काय, त्याची यादी. यादीत नाही तर आरोपपत्र नाही. तुझी यादी कुठाय?" 1946च्या कायद्याने कारखान्यांना ते बंधनकारकच होतं, बहुसंख्य कामगारांना समजेल त्या भाषेत, प्रवेशद्वाराशी. शेजारच्या कर्नाटकात आयटी कंपन्यांना त्यातून सूट मिळत आली. आमच्याकडे होती ती इंग्रजी पीडीएफ, जॉइन होताना 'वाचलं' म्हणून टिक केलेली. ती मी त्या रात्री पहिल्यांदा अथपासून इतिपर्यंत वाचली. गोपनीय माहितीच्या व्याख्येत ग्राहकांचा डेटा, सोर्स कोड, अप्रकाशित आर्थिक आकडे होते. स्वतःच्या पगाराबद्दल सहकाऱ्यांना प्रश्न विचारणं कुठेही नव्हतं. 'प्रतिमेला बाधा' मात्र होती, आणि तिला व्याख्याच नव्हती.

खरी मेख तिथेच आहे. रेघ कुठे आहे ते कोणी सांगत नाही, म्हणून प्रत्येक जण ती आपल्या सोयीने चार हात अलीकडे ओढून घेतो. नारायण मूर्तींनी सुचवलेल्या सत्तर तासांच्या आठवड्यावरून 2023मध्ये सगळा देश बोलत होता, आमच्या कँटीनमध्ये लोक इकडेतिकडे बघून बोलायचे. त्यावर कोणाला नोटीस आली होती? कोणालाच नाही. यायची गरजच नव्हती.

रविवारी शिवाजीनगर कोर्टात प्रॅक्टिस करणाऱ्या वकीलबाईंशी बोलले. अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं कलम 19 मी मोठ्या उत्साहाने पुढे केलं. त्या हसल्या. ते मुळात सरकारला आवर घालण्यासाठी आहे, खासगी कंपनीच्या नोटिशीला उत्तर देताना त्यावर विसंबू नका, म्हणाल्या. मद्रास उच्च न्यायालयाच्या 2023च्या एका निकालाची माहितीही त्यांच्याकडूनच मिळाली. तमिळनाडू ग्राम बँकेच्या कर्मचाऱ्याने व्हॉट्सॲप ग्रुपवर व्यवस्थापनाची टर उडवली होती. न्या. जी. आर. स्वामिनाथन यांनी त्याला राग मोकळा करण्याचा हक्क आहे असं म्हणत आरोपाचा मेमो रद्द केला. "पण ती बँक सरकारी, ग्रुप खासगी. तुमचं चॅनेल कंपनीचं. राज्यघटना बाजूला ठेवा, त्यांची पीडीएफ त्यांनाच वाचून दाखवा."

तसंच केलं. उत्तर एका पानाचं. माझा संदेश जसाच्या तसा उद्धृत केला. तो कंपनीच्याच चॅनेलवर, फक्त कर्मचाऱ्यांसमोर होता. त्यात एकही आकडा नव्हता. 'निम्मा' हा माझ्याच पगाराबद्दलचा शब्द. स्क्रीनशॉट मी काढला नाही, बाहेर दिला नाही, तसा पुरावा असल्यास दाखवावा. कुठल्या कलमातल्या कुठल्या शब्दांचा भंग झाला ते कळवावं, म्हणजे नेमकं उत्तर देता येईल. चौकशी करणार असाल तर चौकशी अधिकारी कोण आणि सोबत सहकारी आणता येईल का, तेही कळवावं. आणि मूळ प्रश्न अजून अनुत्तरित आहे, ही शेवटची ओळ. ती काढा, असं वकीलबाई म्हणत होत्या. मी ठेवली.

एक गोष्ट आवर्जून सांगते. पुरावा म्हणून ऑफिसचे मेल स्वतःच्या जीमेलवर फॉरवर्ड करू नका. बहुतेक कंपन्यांत त्यावर सॉफ्टवेअरचं लक्ष असतं, आणि मूळ आरोप पोकळ असला तरी डेटा बाहेर नेल्याचा हा नवा आरोप पक्का ठरतो. मी साधी वही केली. तारीख, वेळ, कोण हजर होतं, कोण काय म्हणालं. मीटिंग संपली की 'आपलं असं बोलणं झालं' असा मेल एचआरलाच.

पुढची सुनावणी अर्ध्या तासाची झाली आणि तिच्यात नवीन काहीच निघालं नाही.

त्या दिवसांत जास्त जड गेलं ते टीमचं वागणं. ज्यांनी अंगठे दिले होते त्यांतल्या काहींनी ते काढून घेतले. टीम्सवर रिअ‍ॅक्शन परत घेता येते हे मला तेव्हा कळलं. जेवायला बोलावणारे 'कॉल आहे' म्हणू लागले. एकीने वॉशरूममध्ये गाठून सांगितलं, "यू आर सो ब्रेव्ह यार," आणि बाहेर आल्यावर ओळख दाखवली नाही. राग आला, पण फार काळ टिकला नाही. तिचा व्हिसा प्रोसेसमध्ये होता. त्याच वर्षी एप्रिलमध्ये गूगलने इस्रायलबरोबरच्या कराराविरुद्धच्या आंदोलनावरून 28 जणांना काढलं होतं. त्याच गूगलमध्ये 2018 साली जगभरातले सुमारे 20 हजार लोक कामावरून उठून बाहेर आले होते, तेव्हा आम्ही ते व्हिडिओ कौतुकाने एकमेकांना पाठवले होते. वारं कुठल्या दिशेला वळलंय, हे तिला माझ्यापेक्षा आधी कळलं होतं.

शेवटी एक पत्र आलं. आरोपांचा उल्लेख नाही, कलमाचा नाही. 'यापुढे योग्य मंचाचा वापर करावा', एवढाच सल्ला. मी परत मेल टाकला: ही शिक्षा आहे का, आणि फाइलला लागणार आहे का? बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं, शिक्षा नाही. वर्षअखेरीस रेटिंग एक पायरी खाली आलं, कारण 'स्टेकहोल्डर मॅनेजमेंट'. दोन्हींचा संबंध आहे हे मी सिद्ध करू शकत नाही. नाही, असंही मला कोणी पटवू शकलेलं नाही.

पुढच्या वर्षी नोकरी बदलली. नव्या ऑफर लेटरमध्येही 'कंपनीच्या प्रतिमेला बाधक असे कोणतेही विधान' होतंच. सही करण्याआधी मी मेलवर विचारलं, पगार, कामाचे तास आणि रजा यांबद्दल सहकाऱ्यांशी बोलणं यात येतं का? रिक्रूटरने आधी फोन केला, "मॅम, हे स्टँडर्ड क्लॉज आहे, कोणी विचारत नाही." मी म्हटलं, मेलवरच सांगा. दोन दिवसांनी एका ओळीचं उत्तर आलं, 'नाही, येत नाही.' त्यानंतर सही केली.